तळपायाची चामखीळ आणि तिच्यावरचे जुने-नवे उपाय

नाशकात तळपायाला काही टोचायला लागलं की घरातलं निदान ठरलेलं असतं: कुरूप झालंय. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आलेला माणूस असो की रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या रोज उतरणारा, नाव तेच आणि उपायही तोच, तापवलेला बिब्बा. बरेचदा ते कुरूपच असतं. पण काही वेळा ती चामखीळ निघते आणि मग बिब्ब्याने नुसते फोड येतात.

कुरूप म्हणजे दाबाने, घासण्याने घट्ट झालेली कातडी. चामखीळ होते मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे. हातावरची चामखीळ वर वाढते, तळपायावरची अंगाच्या भाराने आत दबते, म्हणून ती कुरुपासारखी दिसते. वरचा कठीण थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं म्हणतात, पण त्या असतात रक्त गोठलेल्या केशवाहिन्या. आणखी एक ढोबळ खूण: कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की.

सुश्रुतसंहितेने हा भेद केलेला आहे. पायात खडा किंवा काटा रुतून होणारी कठीण गाठ ती ‘कदर’, आणि ‘चर्मकील’ वेगळी. आपला चामखीळ हा शब्द त्या चर्मकीलातूनच आला. कदर कापून तापल्या तेलाने डागायचा, चर्मकील शस्त्राने काढून ती जागा क्षाराने किंवा अग्नीने जाळायची. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात वैद्यकावर लिहिणारा सेल्सस तळहात-तळपायावरच्या, खोल रुजलेल्या, दुखऱ्या चामखिळीला ‘मर्मेसिया’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द मुंगीचा. खोल चामखिळीला डॉक्टर आजही तेच नाव वापरतात.

घरगुती उपायांचा विचारही हाच, जाळा. चुना आणि सोडा, रुईचा चीक, बिब्बा. मधुमेह असलेल्याने यातलं काहीही पायाला लावू नये, कारण बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायची पद्धत मात्र वेगळी. टांगे होते तोवर केस मिळायलाही अडचण नव्हती. मानेवरच्या देठाच्या फुटकुळीला ते जमतं (तीही बहुतेकदा खरी चामखीळ नसतेच), पण तळपायावरच्या सपाट गाठीला केस बांधणार कुठे?

हे दुखणं नेमकं कशाचं, ते कळायला विसावं शतक उजाडलं. १९०७ मध्ये इटलीतल्या ज्युसेप्पे चुफोने चामखिळीचा अर्क जिवाणू अडकतील अशा गाळणीतून गाळला आणि स्वतःच्याच अंगात टोचून घेतला. चामखिळी उगवल्या. म्हणजे कारण जिवाणूहूनही लहान होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण दिसले १९४९ मध्ये.

गंमत अशी की आजही नेहमीचे दोन्ही उपचार विषाणूला मारत नाहीत, त्याने धरलेली कातडी काढतात. सॅलिसिलिक आम्ल १८७४ पासून जर्मनीत कारखान्यात बनू लागलं आणि स्वस्त झालं. औषधाच्या दुकानातल्या कॉर्न कॅपमध्ये तेच असतं. दुसरा उपाय गोठवण्याचा. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइटने द्रवरूप हवा वापरली. १९५० च्या सुमारास अमेरिकेतच अॅलिंग्टनने कापसाच्या बोळ्याने द्रव नायट्रोजन लावायला सुरुवात केली. उणे १९६ अंशांचा हा द्रव सिन्नर-निफाडकडच्या गाई पाळणाऱ्यांना चांगला ओळखीचा आहे, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

यातलं सरस काय? २०११ मध्ये ब्रिटनमध्ये तळपायाच्या चामखिळीचे २४० रुग्ण घेऊन ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि गोठवणं यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले जेमतेम १४ टक्के. मुलांच्या चामखिळी मात्र पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. माझ्या मते प्रत्येक उपायाला हमखास साक्षीदार मिळतात ते यामुळेच. मग श्रेय होमिओपॅथीतल्या थूजाच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांना जातं, नाहीतर बिब्ब्याला. चिकटपट्टीचंही तेच झालं: २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ती गोठवण्यापेक्षा सरस ठरली, पुढच्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही.

चामखीळ आपोआप जाते ती शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्यावर, म्हणून आता तिलाच डिवचण्याकडे कल आहे. कुष्ठरोगासाठी भारतात तयार झालेली एमडब्ल्यू लस आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ चामखिळीतच टोचतात. गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही तशीच वापरतात. काहीजण रुग्णाच्याच चामखिळीचा लहानसा तुकडा काढून त्याच्या हाताच्या कातडीखाली पुरतात. तो पुरला हातात, तरी लागू पडला तर काही आठवड्यांत पायावरच्या चामखिळीही गळू लागतात.