रुग्ण आत घेण्याआधी: टोकियोने शिकवलेला धडा

20 मार्च 1995 रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सारिन हे विष सोडले. तोवर सगळीकडे समजूत अशी होती की, रसायन अंगावर पडलेल्या माणसाला अग्निशमन दल जागेवरच धुऊन काढेल आणि दवाखान्यात स्वच्छ रुग्ण पोहोचेल. त्या दिवशी असे काहीच घडले नाही. लोक पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने थेट दवाखाने गाठत होते. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात दिवसभरात 640 जण आले, तेही अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी.

हे रुग्णालय बेसावध नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. 1945 च्या टोकियोवरील बॉम्बहल्ल्यांत जागेअभावी जखमींना परत पाठवावे लागल्याचे शल्य संचालक शिगेआकी हिनोहारा यांच्या मनात होते. म्हणून 1992 च्या नव्या इमारतीत त्यांनी व्हरांड्यांत आणि प्रार्थनागृहातही ऑक्सिजनच्या नळ्या बसवून घेतल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दारे सताड उघडली आणि शेकडो लोकांना उपचार मिळाले. पण प्रार्थनागृहात हवा खेळती नव्हती. रुग्णांच्या कपड्यांतून सारिनची वाफ निघत राहिली आणि साधे मास्क-हातमोजे घातलेल्या डॉक्टर-परिचारिकांचेही डोळे दुखू लागले, डोके ठणकू लागले. नंतरच्या पाहणीत सुमारे 23 टक्के कर्मचाऱ्यांनी असा त्रास झाल्याचे सांगितले. जखमींसाठी केलेली तयारी विषासाठी पुरत नाही, हे तिथे कळले.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने 2005 मध्ये खास रुग्णालयांसाठी मार्गदर्शिका काढली. डीकंटॅमिनेशन, म्हणजे रुग्णाच्या अंगावरचे रसायन काढून टाकण्याचे काम, करणाऱ्यांना किमान आठ तासांचे प्रशिक्षण, दरवर्षी उजळणी, रसायनरोधक पोशाख आणि गाळलेली हवा पुरवणारे श्वसनयंत्र, असा तिचा गाभा आहे. सराव दाराबाहेर होतो: रुग्णाचे कपडे उतरवून पिशवीत बंद करायचे, अंग भरपूर पाण्याने धुवायचे, मगच आत घ्यायचे. यातली पहिली पायरी सर्वांत मोलाची, कारण बरेचसे रसायन कपड्यांबरोबरच निघून जाते.

भोपाळमध्ये 1984 साली डॉक्टरांना वायू नेमका कोणता हेच कळले नव्हते. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची रासायनिक आपत्तींबाबतची मार्गदर्शक तत्त्वे आली ती 2007 मध्ये.

महाराष्ट्राने मात्र हा विषय दहशतवादाशी जोडून बाजूला ठेवू नये. सारिन जर्मनीत 1938 मध्ये सापडले ते कीटकनाशकांच्या शोधातच. आपल्या शेतातली ऑर्गनोफॉस्फेट औषधे त्याच कुळातली आहेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही औषधे कातडीतूनही अंगात भिनतात. फवारणीच्या हंगामात ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी पाण्याचा नळ, साबण, रबरी हातमोजे आणि बदलायला कपडे असले, आणि ते कसे वापरायचे हे वॉर्डबॉयपासून डॉक्टरपर्यंत सर्वांनी करून पाहिलेले असले, तर ओल्या सदऱ्यातून झिरपणारे विष तिथेच थांबवता येते.