थोरली पाती, धाकटी पाती आणि फिजीची सरदारकी

फिजीतल्या म्बाऊ या चिमुकल्या बेटाचा सरदार नाउलिवोऊ १८२९ साली वारला आणि गादी त्याचा भाऊ तानोआकडे गेली. तानोआला १८३२ मध्ये बंडाने हुसकावले, १८३७ मध्ये मुलगा सेरू थाकोम्बाऊ याच्या मदतीने तो परत आला आणि १८५२ साली त्याच्या मृत्यूनंतर सत्ता याच मुलाच्या हाती आली. म्हणजे एकदा भाऊ, एकदा मुलगा. मग नियम कोणता?

कोडे नात्यांच्या शब्दांपाशी सुटू लागते. फिजीत वडिलांचे भाऊही वडीलच: मोठा तो ‘ताता लेवू’, धाकटा तो ‘ताता लाइलाइ’. आपल्याकडचे थोरले बाबा, धाकटे बाबा म्हणा ना! सगळे बापच, तर गादी आधी भावाभावांत फिरावी आणि मग थोरल्या पातीच्या मुलाकडे उतरावी, हा जुना प्रघात सरळच वाटतो. गणित बिघडते ते पुढच्या पिढीत. प्रत्येक भावाची एक पाती, प्रत्येक पातीत चार मुलगे, शिवाय कुणाची आई मोठ्या घराण्यातली. आईकडचा मान तिथे हलका मानत नाहीत.

थोडक्यात, रक्ताने माणूस फक्त रांगेत उभा राहतो. सरदार करणारे कूळ वेगळे असते. या कुळाला ‘साउतुरांगा’ म्हणतात. त्यांना स्वतः गादीवर बसता येत नाही, पण त्यांच्याशिवाय कुणाला बसवताही येत नाही. समारंभात मोठ्या लाकडी पात्रात यंगोनाच्या मुळ्यांचे मातकट, जिभेला बधिर करणारे पेय कालवतात. नारळाच्या करवंटीतून ते नव्या सरदाराला देतात आणि झाडाच्या सालीचे मासी नावाचे कापड त्याच्या दंडाला बांधतात. फिजीत ‘अमक्याला पाजले’ म्हणजे अमका सरदार झाला.

इंग्रजांना अशी सैल व्यवस्था मानवणारी नव्हती. १८७४ मध्ये बेटे हाती आल्यावर त्यांनी जमिनीसाठी आयोग नेमला आणि कुळे, पात्या, माणसे वहीत चढवली. सरदारकीचे तंटे आजही त्या आयोगाच्या वारसदार कचेरीत जातात. पण वही फार तर थोरला कोण ते सांगते; करवंटी कुणाच्या हाती द्यायची, यावर भाऊबंदांचे एकमत लागतेच. सेरूचे पणतू जॉर्ज थाकोम्बाऊ १९८९ साली वारले. वारसांची वाण नव्हती, तरी म्बाऊची गादी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली.