३०४, होलोवे रोड : जो मीकच्या आवाजाची जडणघडण

डिसेंबर १९६२मध्ये 'टेलस्टार' ही शब्द नसलेली धून अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ब्रिटिश बँडला तिथे हे स्थान पहिल्यांदाच मिळत होतं आणि बीटल्सचं अमेरिकेतलं आगमन अजून वर्षभर लांब होतं. टॉर्नेडोज बँडची ही धून उत्तर लंडनमध्ये, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात तयार झाली. ते घर म्हणजे प्रोड्युसर जो मीकचा स्टुडिओ. मीकबद्दल लिहिताना त्याच्या झपाटलेपणाच्या कथाच जास्त सांगितल्या जातात, पण त्याच्या आवाजाचा उलगडा तारांच्या जोडणीत आहे.

मीकचा जन्म १९२९चा, ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंटचा. हवाई दलातल्या सक्तीच्या सेवेत रडार आणि नंतर वीज मंडळात नोकरी, असा त्याचा हात यंत्रांवर बसला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर तो लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ध्वनिमुद्रक झाला. त्या काळी ध्वनिमुद्रकाने खोलीत जे वाजतं ते जसंच्या तसं टेपवर उतरवावं, अशी अपेक्षा असे. माइक वाद्यापासून अंतर राखून ठेवायचा, मीटरचा काटा लाल भागात जाऊ द्यायचा नाही. मीक माइक वाद्याला भिडवायचा आणि काटा मुद्दाम लालमध्ये ढकलायचा. १९५६ साली जॅझ ट्रंपेटवादक हम्फ्री लिटलटनच्या 'बॅड पेनी ब्लूज'मध्ये त्याने पियानोवरच्या डाव्या हाताचे सूर कॉम्प्रेसर या यंत्रातून काढून इतके पुढे आणले की जॅझच्या तबकडीला पॉपचा ठोका आला.

कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि त्यानंतर एकूण पातळी वाढवली की बारीक आवाज वर येतात. तो जरुरीपेक्षा जास्त लावला आणि सुटण्याचा वेळ चुकला, तर प्रत्येक ठोक्यानंतर झांजांची सळसळ आणि टेपची खरखर फुगत-ओसरत राहते. इतर ध्वनिमुद्रक हा दोष टाळत. मीकने त्यालाच तालाचा भाग केला. बास गिटार अँप्लिफायरसमोर माइक न ठेवता तो थेट मिक्सरला जोडायचा. प्रतिध्वनीसाठी घरगुती स्प्रिंग युनिट होतं : स्प्रिंगच्या एका टोकाला आवाज द्यायचा, दुसऱ्या टोकाला उचलायचा. यात ड्रमचा जोरदार ठोका सोडला तर स्प्रिंग 'टुंइं' करते, म्हणून अशा यंत्राला गाण्याचा आवाज किंवा गिटार जास्त मानवते.

१९६०मध्ये तो ३०४, होलोवे रोडला आला. समोरच्या खोलीत वादक, शेजारच्या छोट्या खोलीत यंत्रं, तंतुवाद्यांचा ताफा जिन्यावर, आणि ओल्या भिंतींचा घुमारा हवा असेल तर गायक न्हाणीघरात! खरी कसरत टेपची होती. दोन-ट्रॅक यंत्रावर एका ट्रॅकवर बँड, दुसऱ्यावर गायक. मग दोन्ही एकत्र करून दुसऱ्या, मोनो म्हणजे एकाच ट्रॅकच्या यंत्रावर उतरवायचे आणि त्याच वेळी तिसरं वाद्य प्रत्यक्ष वाजवून मिसळायचं. अशा प्रत्येक नकलेत वरचे सूर बोथट होतात, खरखर वाढते आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. समतोल चुकला तर मागच्या टेपपासून पुन्हा सुरुवात. वरचे सूर आधीच उजळ ठेवणं आणि टेपवर आवाज कडक भरणं, हे मीकचे त्यावरचे उपाय होते. त्याच्या रेकॉर्ड्सची करकरीत धार बऱ्याच अंशी यातून आली. वर टेपचा वेगही तो वाढवायचा. साधारण सहा टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि गायक कोवळा वाटतो.

'टेलस्टार'चं नाव जुलै १९६२मध्ये सोडलेल्या दळणवळण उपग्रहावरून आलं. तिची मुख्य धून जेफ गॉडर्डने क्लाव्हिओलिनवर वाजवली. हे एका वेळी एकच सूर देणारं विजेवर चालणारं कीबोर्ड आपल्याकडे आधीच पोहोचलं होतं : १९५४च्या 'नागिन'मधली बीन मुंबईत कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती.

१९६४च्या 'हॅव आय द राइट?' या मीकने केलेल्या गाण्यातला धबधबणारा ठोका म्हणजे लाकडी जिन्यावर आपटलेले पाय. माइक कठड्याला सायकलच्या क्लिपांनी बांधले होते.

मीकचा व्यावसायिक वारसा मला या नादांपेक्षाही मोठा वाटतो. तोवर ब्रिटनमध्ये गाणं, गायक आणि स्टुडिओ हे सगळं कंपनीचे पगारी अधिकारी ठरवत. मीक स्वतः मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून तबकड्या काढतात ती मूळ टेप, तयार करून 'डेक्का', 'पाय' (Pye) अशा रेकॉर्ड कंपन्यांना भाड्याने देई. पण यात रॉयल्टी येईपर्यंत खर्च आपल्याच अंगावर राहतो. 'टेलस्टार'ची धून चोरीची असल्याचा दावा फ्रेंच संगीतकार झाँ लेद्र्यू यांनी लावला आणि पैसे गोठले. निकाल मीकच्या बाजूने लागला, पण त्याच्या मृत्यूनंतर.

समलैंगिक संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होते. १९६३मध्ये मीकला अटक आणि दंड झाला, वर्तमानपत्रात नाव आलं. गोळ्यांचं व्यसन, कर्ज, कोणी आपले आवाज चोरून ऐकतंय हा संशय, सगळं वाढत गेलं. ३ फेब्रुवारी १९६७ला त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांना शॉटगनने ठार केलं आणि मग स्वतःवर गोळी झाडली. मीकच्या दंतकथेत शेंटन यांचा खून अनेकदा तळटीपेसारखा उरकला जातो, ते चूक आहे.

मागे राहिल्या चहाच्या ६७ खोक्यांतल्या अठराशेहून जास्त टेप्स. क्लिफ कूपरने त्या ३०० पौंडांना घेतल्या. ऑरेंज अँप्लिफायर कंपनी पुढे त्याचीच. २०२०मध्ये त्या चेरी रेड या रेकॉर्ड कंपनीकडे आल्या. इतक्या जुन्या टेपवर आधी सांध्यांचा सुकलेला डिंक बदलावा लागतो, नाहीतर वाजवतानाच ती सुटते. त्यातून ऐकू येणारा ऐवज बहुधा कच्चा, वेग न वाढवलेला. तबकडीवरचा आवाज बनायचा तो शेवटच्या मोनो नकलेत.