मॅन्डरिन घ्यायचाय? आधी एवढं वाचा

दुकानात आलेलं गिऱ्हाईक मॅन्डरिनच्या टँकपाशी थांबतंच, आणि थांबणारच की, करंगळीएवढा मासा, अंगभर गडद निळ्यावर नारिंगी नागमोडी रेघा, मधेमधे हिरवं, डोळे बेडकासारखे वर आलेले, लहान मुलं तर काचेला नाक लावून बसतात आणि हलायचं नाव घेत नाहीत. मग विचारतात कितीला. आम्ही आधी उलट विचारतो, टँक किती जुना आहे? कारण घरी नेलेले मॅन्डरिन बहुतेक वेळा उपासमारीने मरतात, आणि ते टाळता येतं, म्हणून हे माहितीपत्रक.

हा मासा पश्चिम पॅसिफिकचा. फिलिपिन्स, इंडोनेशिया, पलाऊ, वर जपानच्या र्‍युक्यू बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत. मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसेल का असं बरेच जण विचारतात, तर नाही, आपल्या समुद्रात तो नाही. 1927 मध्ये आल्बर्ट हेर यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. शांत पाण्याच्या लगूनमध्ये, म्हणजे कोरलने अडवलेल्या उथळ पाण्यात, तुटक्या कोरलच्या (प्रवाळाच्या) ढिगात दिवसभर दडून असतो. संध्याकाळी अंधार पडता पडता नर-मादी बाहेर येतात, पोटाला पोट लावून हळूहळू ढिगाच्या वर साधारण मीटरभर चढतात, वर पोचले की अंडी सोडतात आणि क्षणात दोघं दोन दिशांना खाली. हे बघायला डायव्हर लोक मुद्दाम त्या वेळेला पाण्यात उतरतात. नर ओळखायचा पाठीवरच्या पहिल्या लांब काट्यावरून.

रंगाबद्दल एक गोष्ट आम्ही सगळ्यांना सांगतो कारण ती खरंच भारी आहे. बाकीच्या बहुतेक निळ्या माशांच्या अंगात निळा रंग असा नसतोच, पेशींमधल्या बारीक पापुद्र्यांवरून उजेड परततो म्हणून ते निळे दिसतात. मॅन्डरिनच्या कातडीत मात्र खरोखरचा निळा रंग भरलेल्या पेशी आहेत, हे 1995 मध्ये कळलं, आणि असे प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. खवले मुळीच नाहीत, त्याऐवजी अंगावर जाड, उग्र वासाचा चिकट थर असतो, त्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता खाण्याचं. काचेजवळ पाच मिनिटं उभे राहून बघा. दगडावर पोटाखालच्या परांनी चालल्यासारखा पुढे सरकतो, थांबतो, डोळे फिरवून एकाच जागेकडे बघत राहतो, मग टुक्कन एक टोच, परत पुढे, आणि हे दिवसभर. तो टिपतोय ते कोपेपॉड, म्हणजे दगडावरचे जेमतेम दिसणारे जिवंत किडे, आम्ही त्यांना पॉड्स म्हणतो. आपण टाकलेले दाणे त्याच्या नाकासमोरून गेले तरी बहुतेक मॅन्डरिन ढुंकून बघत नाहीत. नव्या टँकमध्ये पॉड्स नसतातच, असले तरी हा पठ्ठ्या काही आठवड्यांत फस्त करतो. सुरुवातीच्या काळात आम्हीही दोन महिन्यांच्या टँकसाठी एक दिला होता, तिसऱ्या आठवड्यात फोन आला, रंग तसाच झळाळत होता पण पोट खपाटीला गेलेलं, दोन दिवसांत गेला. तेव्हापासून नियम केला.

नियम असा, की टँक किमान वर्षभराचा हवा, पाणी 200 लिटरच्या वर, दगड भरपूर, आणि सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) शेवाळाचा एक कप्पा केलात तर फारच चांगलं, कारण तिथे पॉड्स सुखाने वाढतात. दगडासाठी समुद्रातलं कोरल उचलून आणू नका, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत, ड्राय रॉक, म्हणजे टँकसाठी मिळणारे कोरडे दगड घ्या, त्यावर आपण पॉड्स सोडू. टँकमध्ये सिक्स लाइन रास नावाचा मासा असेल तर मॅन्डरिन नको, दोघांचं ताट एकच. दोन नर एकत्र कधीच नाही, मारामारी होते.

जमलं तर टँकमध्ये वाढवलेला घ्या, ते लहानपणापासून फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं खाणं खायला शिकलेले असतात. महाग पडतो आणि दरवेळी मिळत नाही, थांबायची तयारी ठेवा. समुद्रातले मॅन्डरिन काही ठिकाणी बारीक सुईसारख्या भाल्याने पकडतात, म्हणून अंगावर टोचल्याची खूण आहे का ते नीट बघायचं. आणि कुठल्याही दुकानात वरून बघा, डोक्यामागे पाठ फुगीर हवी, खोबण पडली असेल तर तो मासा कितीही सुंदर असो, नेऊ नका.

येताना टँकचा फोटो आणा, रात्री लाइट बंद केल्यावर तासाभराने टॉर्च मारून काच आणि दगड बघा, पांढरे ठिपके, म्हणजे पॉड्स, सरसर पळताना दिसले तर त्याचा व्हिडिओ पण आणा. मग आपण दुकानात तुमच्यासमोर मासा खातो का ते बघू आणि तेव्हाच पॅक करू.