टीए म्हणजे वर्दीतली हौस नाही
ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, टेरिटोरियल आर्मीत (टीए) लागलं की कायमची सरकारी नोकरी आणि सुट्टीतही वर्दी घालून हिंडायचं, कोणी अडवत नाही. कृपया फॉरवर्ड करू नका, पोरं खरं मानतात.

टीए 1948 च्या कायद्याने झाली, 1949 मध्ये सुरू झाली, आणि मूळ कल्पनाच ही की माणसाचा स्वतःचा कामधंदा असावा, वर्षातले काही दिवस ट्रेनिंग करावं आणि देशाला गरज पडली की बोलावणं येईल तेव्हा हजर व्हावं. बोलावलं की आर्मी ॲक्ट लागू, मग ‘मी तर पार्टटाईम’ म्हणून चालत नाही, हुकूम मोडला तर शिक्षा रेग्युलर जवानासारखीच. घरी परतलात की तुम्ही साधे नागरिक, ठाणे स्टेशनवर रँक सांगून रांग मोडायची नाही, सिग्नल तोडायचा नाही, आणि ड्युटी नसताना वर्दी मिरवणं तर अजिबातच नाही.

आणि हो, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, सेवेवरून परतल्यावर मालकाने पूर्वीच्या नोकरीवर परत घ्यायचं हे टीएच्या 1948 च्या कायद्यातच आहे.