‘आयर्विनला पाणी किती?’ या प्रश्नामागचं गणित

जुलै सरत आला की सांगलीत फोनवर पहिला प्रश्न एकच असतो : आयर्विनला पाणी किती? कृष्णेवरच्या, 1929 साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 मध्ये 57 फुटांच्याही वर, आणि 2021 मध्ये पुन्हा 55 च्या आसपास पोचलं. पण माळ्यावर सामान चढवणाऱ्या माणसाला आत्ताच्या पातळीपेक्षा उद्या सकाळी किती फूट असेल हे हवं असतं. ते सांगायचं तर नदीचं गणित मांडावं लागतं.

हे गणित संगणकाच्या कितीतरी आधीचं. 1871 मध्ये सँ-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने उघड्या पात्रातल्या वाहत्या पाण्याची दोन समीकरणं मांडली. पहिलं पाण्याचा हिशेब ठेवतं : आलं किती, गेलं किती, साठलं किती. दुसरं वेगाचा : उतार पाण्याला ओढतो, तळ आणि काठ त्याला अडवतात. ही अडवणूक आकड्यात धरण्यासाठी मॅनिंग या आयरिश अभियंत्याचं 1889 मधलं सूत्र आजही वापरात आहे. मोकळ्या पात्राला त्यातला खडबडीतपणाचा आकडा 0.03 च्या आसपास येतो, दाट झाडोऱ्याला 0.1 पर्यंत जातो. आपल्याकडे ऐन पुराच्या दिवसांत मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात पुरुषभर ऊस उभा असतो. तिथे मोकळ्या रानाचा आकडा घातला, तर कागदावरचं पाणी खऱ्यापेक्षा लवकर उतरतं.

समीकरणं होती, पण वाकड्यातिकड्या नदीसाठी ती हाताने सोडवणं अशक्यच. म्हणून नदीची छोटी प्रतिकृती बांधून तिच्यात पाणी सोडायचे. या कामात आपला मुलूख मागे नव्हता. 1916 मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेलं संशोधन केंद्र पुढे खडकवासल्याला नावारूपाला आलं. अशा प्रतिकृतीत उंची मुद्दाम लांबीरुंदीपेक्षा मोठ्या प्रमाणात ठेवतात, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो. गाळाची अडचण याहून मोठी. वाळू त्याच प्रमाणात बारीक केली तर तिची भुकटी होते आणि ती वाळूसारखी वागत नाही. मग कोळशाचा चुरा किंवा लाकडाचा भुसा वापरावा लागतो.

1953-54 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या स्टोकर आणि सहकाऱ्यांनी युनिव्हॅक संगणकावर अमेरिकेतल्या ओहायो नदीचे पूर पुन्हा ‘वाहवून’ पाहिले. ओहायो जिथे मिसिसिपीला मिळते, तो संगमही त्यांनी हिशेबात घेतला. आपल्याला हे जवळचं वाटावं, कारण कृष्णेचा पूर म्हणजे संगमांचाच पूर. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन भिडते, ब्रह्मनाळला येरळा मिळते, हरिपुराला वारणा. वारणा तुडुंब असली की सांगलीचं पाणी तुंबतं. पुढे 1995 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांची ‘हेक-रास’ ही नदीचं गणित सोडवणारी संगणक प्रणाली मोफत मिळू लागली आणि हे गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आलं.

पाण्याचं जमलं, गाळाचं अजून पुरतं जमलेलं नाही. पंजाबच्या कालव्यांवर केनेडीने 1895 मध्ये गाळ न साचू देणारा वेग शोधला. 1936 मध्ये शील्ड्सने तळाचा कण नेमका कधी हलतो ते मांडलं. आइन्स्टाइन यांचे चिरंजीव हान्स अल्बर्ट यांनी 1950 मध्ये तळावरून सरकणाऱ्या वाळूचं सूत्र दिलं. तरीही एकाच नदीला दोन सूत्रं लावली तर उत्तरांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. त्यात ही बहुतेक सूत्रं सुट्या वाळूची, आणि आपल्या पुरात येते ती चिकट काळी माती. पूर ओसरल्यावर हरिपूरच्या संगमावर जाऊन पाहा : पायरीवर लोण्यासारखा मऊ थर असतो, पाऊल घोट्यापर्यंत रुततं. दोन-चार उन्हं खाल्ली की तोच थर तडकतो आणि त्याच्या खापऱ्या निघतात. एकदा बसलेला हा गाळ पुन्हा उचलायला पाण्याला जास्त जोर लागतो.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे आपल्याकडे पूर वाढतो का, हा वाद इथेच येऊन अडतो. धरणात पाणी साठवण्याची आजची कमाल पातळी 519.60 मीटर. 2010 मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादाने ती 524.256 मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. नदीकाठच्या अनेकांना ते पटलेलं नाही, आणि त्यांची शंका मला हटवादी वाटत नाही. धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे तुंबलेल्या पाण्यात, वेग मंदावला की गाळ खाली बसतो, तळ वर येतो, आणि तेवढंच पाणी पुढच्या खेपेला जास्त उंची गाठतं. एका पुराच्या गणितात हे दिसणार नाही, वीस वर्षांच्या गणितात दिसेल. त्यासाठी दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, होडीतून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठरावीक अंतरावर खोली मोजायची आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजायची. कऱ्हाडपासून शिरोळ तालुक्यातल्या राजापूरच्या बंधाऱ्यापर्यंतचे असे छेद दरवर्षी घेऊन लोकांसमोर ठेवले पाहिजेत. आयर्विनची पट्टी पाणी कुठवर चढलं ते दाखवते, खालचा तळ किती वर आला ते त्या छेदांतच दिसेल.