लघवीची नळी स्वतः घालताना

मणक्याला मार बसला किंवा मज्जातंतूंचा आजार झाला, की काही जणांचं मूत्राशय भरतं पण आपोआप रिकामं होत नाही. अशा वेळी दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची. हे जमत असेल तर कायम नळी ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

‘घरात जंतू आत जाणार नाहीत का?’ ही शंका रास्त आहे. मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलं, की खरा धोका तुंबलेल्या लघवीचा. मूत्राशय फार ताणलं की त्याच्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि जंतूंना आवरण्याची तिची ताकद घटते. म्हणून साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते; वेळ मात्र चुकवू नये. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त निघत असेल, तर दोन वेळांमधलं अंतर कमी करा. नळी टाळण्यासाठी पाणी तोडणं चुकीचंच.

मोठ्यांना बहुधा १२ किंवा १४ फ्रेंच जाडीची नळी लागते. १२ फ्रेंच म्हणजे ४ मिलिमीटर. पुरुषांनी पाण्यात विरघळणारी जेली सढळ हाताने लावावी आणि लिंग वर उचलून धरावं, म्हणजे मूत्रमार्गाचा बाक सरळ होतो. साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर नळी अडते, कारण तिथला झडपेसारखा स्नायू आवळलेला असतो. इथे जोर लावला की आतून जखम होते, रक्त येतं आणि पुढे मार्ग आकसतो. थांबा, दीर्घ श्वास घ्या, स्नायू सैल पडला की नळी पुढे सरकते. धार लागल्यावर आणखी २-३ सेंटिमीटर आत न्या. कातडी मागे घेतली असेल तर शेवटी पुन्हा पुढे आणायला विसरू नका.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे सुरुवातीला आरसा कामी येतो. पुसताना हात पुढून मागे. नळी चुकून योनीत गेली तर तिथेच राहू द्या, जागा ओळखता येते. दुसरी नळी योनीच्या वर असलेल्या मूत्रमार्गाच्या छिद्रात घाला.

नळी काढताना घाई नको. हळूहळू ओढा, मध्येच धार आली तर थांबा. तळाशी उरलेली लघवीच पुढे जंतू वाढवते.

लघवीच्या तपासणीत जंतू दिसले, एवढ्यावरून अँटिबायोटिक घेऊ नये. या रुग्णांत ते बऱ्याचदा सापडतात. थंडी-ताप, कमरेत दुखणं किंवा एरवी नसलेली गळती सुरू झाली, तर डॉक्टरांकडे जा. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर उठून बसा, मूत्राशय लगेच रिकामं करा. तरी उतार पडला नाही तर तडक दवाखाना गाठा, कारण रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो.